'लिनक्सवर वायफाय चालत नाही' म्हणे! तो मेसेज पुढं ढकलण्याआधी हे वाचा

परवा रात्री साडेदहाला दाजींनी मला एक मेसेज फॉरवर्ड केला आणि खाली एवढंच लिहिलं, 'हे आधी का सांगितलं नाहीस?'

दाजींचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. बिलं, जीएसटीचा हिशेब सगळं घरातल्या एकाच लॅपटॉपवर, विंडोजमध्ये. त्याच लॅपटॉपवर भाचीनं (बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे) मैत्रिणीकडचा पेनड्राइव्ह आणून विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. सगळं नीट बसलं, फक्त वायफाय दिसेना. मग कुठल्यातरी ग्रुपवरनं हा मेसेज आला आणि बापलेकीनं मिळून त्यातलं जवळजवळ सगळं केलं. साडेसातशे रुपयांचं डोंगल (यूएसबीला लावायचं वायफाय) आणलं, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर आत न घेणारी सेटिंग) बंद केलं, आणि सकाळी दाजी बिल करायला बसले तर विंडोज उघडेचना, निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागलं. महिनाअखेर, पार्टी बिलासाठी खोळंबलेली, ताईचा मला फोन, मागं भाची रडालीय. म्हणून हे लिहितोय, आणि चिडून लिहितोय.

मेसेजात काय आहे ते थोडक्यात सांगतो. एक, लिनक्स फुकट असल्यामुळं कंपन्या ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देत नाहीत, म्हणून त्यावर वायफाय चालत नाही. दोन, वायफाय दिसत नसेल तर आतलं कार्ड गेलं समजा. तीन, बॉक्सवर लिनक्स लिहिलेलं कुठलंही यूएसबी डोंगल घ्या, मोठा अँटेना बघून. चार, सिक्युअर बूट बंद करा आणि खालची कमांड पेस्ट करा. पाच, नाहीतर विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये घाला. सहा, रेंज वाढवायला वायफायच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका ठेवा. सात, तेही नको असेल तर इंटेलचं कुठलंही नवं कार्ड आत बसवा.

क्रमानं नाही घेत. घरात ज्यानं गोंधळ झाला ते आधी.

सिक्युअर बूट. मिंट आणि उबुंटू (लिनक्सचाच दुसरा प्रकार) यांचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सही केलेलं असतं आणि त्याच्यासोबत येणारे ड्रायव्हरही सही केलेले असतात. म्हणजे कर्नलमधलाच ड्रायव्हर वापरणार असाल तर सिक्युअर बूटला हात लावायची गरजच नाही. हा सल्ला मेसेजात आला कुठनं, तर त्यातली कमांड बाहेरचा ड्रायव्हर आणून मशीनवर कंपाइल करते (कोडपासनं तयार करते), त्यावर सही नसते, मग सिक्युअर बूट त्याला आत घेत नाही. एवढा भाग खरा आहे, मान्य करतो. पण त्यावरचा उपाय दार काढून टाकणं नव्हे. असा ड्रायव्हर पॅकेजमधनं टाकला की मिंट स्वतःच एक पासवर्ड ठरवायला सांगतं, रीस्टार्ट केल्यावर एमओके नावाची निळी स्क्रीन येते, तिथं तोच पासवर्ड देऊन सहीची किल्ली नोंदवायची. दोन मिनिटांचं काम.

आणि शेजारी विंडोज असेल, त्याची डिस्क बिटलॉकरनं (विंडोजचंच कुलूप) एन्क्रिप्ट असेल तर? बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाला पत्ता नसताना चालू असतं. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की विंडोजला वाटतं कुणीतरी मशीनशी छेडछाड केली, आणि ते रिकव्हरी की मागतं. दाजींचं नेमकं हेच झालं. माझ्या सांगण्यावरनं बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट परत चालू केलं तेव्हा विंडोज उघडलं आणि बिलं गेली. पण मधल्या काळात कुणीतरी 'फॉरमॅट मारा' म्हणून सल्ला दिला असता आणि यांनी तो ऐकला असता तर वर्कशॉपचा सगळा हिशेब पुसला गेला असता. तुमच्या घरी अशी की मागितली तर आधी बदललेली सेटिंग जागेवर आणा, मग मायक्रोसॉफ्ट खात्यात की ठेवलेली आहे का बघा. घाबरून काही पुसू नका.

राहिली ती कमांड. एका छोट्या लिंकवरनं स्क्रिप्ट उतरवायची आणि सुडो (मालकाचे सगळे हक्क देणारा शब्द) लावून थेट चालवायची. सुडोचा पासवर्ड दिला म्हणजे त्या स्क्रिप्टला अख्ख्या मशीनची मालकी दिली, ती फाइल वाचेल, पुसेल, अजून काही आणून बसवेल. लिंकच्या मागं आज एक फाइल असेल, उद्या दुसरी. ओळख ना पाळख आणि त्याच्या हातात घराची किल्ली द्यायची, असं आपण कुठं करतो काय? भाचीनं ती चालवली नाही, कारण नेटच नव्हतं! ह्या एका गोष्टीवर वाचलो.

आता डोंगल, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच जातात आणि सगळ्यात चुकीची समजूतही इथंच आहे.

वायफायच्या वस्तूवर कंपनीचं नाव, मॉडेल, अँटेना काय बघायचं ते बघा, पण लिनक्सला त्यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते आतली चिप. चिप कुणाची, नंबर काय, एवढ्यावर ड्रायव्हर ठरतो. आणि एकाच मॉडेलच्या नावाखाली चिप बदलते. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, लिनक्सवर लावलं की चालू. दुसऱ्या आवृत्तीपासनं आत रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. नाव तेच. पहिल्याचं कौतुक वाचून दुसरं विकत घेतलेली माणसं किती असतील बघा. म्हणून 'अमक्या कंपनीचं घ्या' हा सल्लाच निकामी आहे, चिप आणि आवृत्ती विचारा.

बॉक्सवरचं लिनक्स हे काय प्रकरण आहे तेही बघू. दाजींच्या डोंगलच्या बॉक्सवर बारीक अक्षरात लिहिलंय, लिनक्स २.६.१८ ते ४.४. कर्नल २.६.१८ हे २००६ सालचं, ४.४ हे जानेवारी २०१६ चं. मिंट २२ आलं तेच ६.८ घेऊन. म्हणजे बॉक्स स्वतःच सांगतोय की आमच्या सीडीतला ड्रायव्हर तुमच्या कर्नलसाठी नाही! कर्नलच्या आतली जोडणी सतत बदलत असते, आणि जो ड्रायव्हर कर्नलच्या आतच असतो तो बदल करणारी माणसंच दुरुस्त करत नेतात. बाहेर सीडीत राहिलेला ड्रायव्हर तिथंच थांबतो. आज कसाबसा कंपाइल झाला तरी पुढच्या अपडेटला परत बंद पडेल, आणि ते अपडेट नेमकं परीक्षेच्या आदल्या रात्री येईल.

म्हणून प्रश्न एकच विचारायचा, ह्या चिपचा ड्रायव्हर कर्नलच्या आत आहे का, आणि कुठल्या आवृत्तीपासनं. आत असणं आणि 'सपोर्टेड' लिहिलेलं असणं ह्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. हे तपासायला लिनक्स कर्नलच्या वायरलेस विभागाचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन आहे, त्यात ड्रायव्हरांचा तक्ता आहे, कुठला ड्रायव्हर कुणाच्या चिपसाठी, यूएसबी की पीसीआय (म्हणजे आत बसवायचं कार्ड), हॉटस्पॉट करता येतो की नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचीच जागा ती. दुकानदार, यूट्यूब, ग्रुप सगळं एका बाजूला ठेवा आणि ते बघा.

माझा ढोबळ हिशेब असा. अथेरॉसची जुनी एआर९२७१ डोळे झाकून, पण ती फक्त २.४ गिगाहर्ट्झची. मीडियाटेकच्या बऱ्याच यूएसबी चिपा एमटी७६ ह्या ड्रायव्हरवर चालतात, त्याचा यूएसबीचा भाग ४.१९ पासनं कर्नलमध्ये आहे, हल्ली यूएसबीसाठी मी आधी तिकडंच बघतो. रिअलटेकचं मात्र नंबर बघूनच. दाजींच्या डोंगलमध्ये ८८११सीयू निघाली, ती ६.२ पासनं कर्नलमध्ये आहे, त्याआधी नाही. भाचीच्या पेनड्राइव्हवर होतं मिंट २०, कर्नल ५.४. कसं दिसणार?

शिवाय ही डोंगलं लावल्या लावल्या आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात, विंडोजचा ड्रायव्हर आत ठेवलेला असतो म्हणून. टर्मिनलमध्ये (कमांड लिहायची खिडकी) एलएसयूएसबी (lsusb) मारल्यावर ०बीडीए:१ए२बी असा नंबर दिसला तर तो हाच प्रकार. यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज त्याला वायफायवर आणतं, किंवा ती सीडी इजेक्ट केली तरी बहुतेक वेळा होतं. डोंगल खराब नसतं. मोठा अँटेना बघून घ्या म्हणणाऱ्यानं हे काही सांगितलेलं नाही.

आता 'कार्ड गेलं समजा'. अहो, आधी मशीनला विचारा की! टर्मिनल उघडून एलएसपीसीआय लिहायचं, मोकळी जागा, डॅश, एनएनके (lspci -nnk). नेटवर्क कंट्रोलरची ओळ दिसली म्हणजे कार्ड जागेवर आहे आणि मशीनला दिसतंय. त्याच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ नसेल तर फक्त ड्रायव्हर लागलेला नाही. कंसात नंबर असतो, पहिले चार अक्षर-आकडे चिप कुणाची ते सांगतात. ८०८६ इंटेल, १०ईसी रिअलटेक, १६८सी अथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम, १४सी३ मीडियाटेक. ड्रायव्हर आहे तरी चालत नसेल तर आरएफकिल लिस्ट (rfkill list) मारून बघा, कीबोर्डवरच्या बटणानं वायफाय बंद झालेलं असतं. नाहीतर फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल नसते. डेबियन ह्या लिनक्सच्या जुन्या इन्स्टॉलरवर हे कायम व्हायचं, १२ पासनं म्हणजे २०२३ पासनं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. नेट नाही म्हणून अडू नका, मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, लिनक्सला ते लगेच दिसतं.

भाचीला फोनवरनं हे करायला लावलं तर नंबर आला १०ईसी:सी८२१. रिअलटेक ८८२१सीई, कार्ड ठणठणीत. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ५.९ ला, आणि हिच्याकडं ५.४. एवढीच भानगड होती!

लिनक्स फुकट म्हणून वायफाय नाही, ह्या वाक्यावर जास्त वेळ घालवत नाही. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स कर्नलच आहे, आणि तो मेसेज वायफायवरनंच आलाय. घरोघरच्या राउटरांतही तेच, लिंक्सिसच्या २००२ सालच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स बाहेर आला आणि त्यातनं ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली लिनक्स सिस्टिम उभी राहिली. इंटेलचा आयडब्ल्यूएल-वायफाय ड्रायव्हर इंटेलचीच माणसं लिहितात. बरं, ह्यातलं खरं तेवढं मान्य करतो. दोन हजारच्या दशकात ब्रॉडकॉमनं लोकांना लई त्रास दिला, ड्रायव्हर बाहेरच्यांनी उलटं खोदून लिहावा लागला, कंपनीनं स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० ला, आणि बीसीएम४३१४२ सारख्या काही चिपांना अजूनही कंपनीचा बंद ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. जुना लॅपटॉप आणि १४ई४ नंबर दिसला तर थोडी खटपट धरून चाला. पण त्यावरनं अख्ख्या लिनक्सवर शिक्का मारायचा?

विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये घालायचा प्रकार एनडीआयएसरॅपर नावानं एकेकाळी होता, एक्सपीच्या जमान्यातले ड्रायव्हर चालायचे. आजच्या विंडोजचे चालत नाहीत, सोडा तो विषय. देश अमेरिका ठेवणंही चूक, नियम आपण जिथं बसलोय तिथले लागतात. भारतात २०१८ लाच ५ गिगाहर्ट्झचे पट्टे वायफायला मोकळे झालेत, देश आयएनच (IN, म्हणजे भारत) ठेवा.

आतलं कार्ड बदलायचा सल्ला सातांत त्यातल्या त्यात बरा, पण 'कुठलंही' हा शब्द घात करतो. इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० घेतलंत तर ठीक, पहिलं कर्नल ५.१ पासनं चालतं, दुसरं ५.१० पासनं. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच असतात, पण त्यांचं अर्धं काम इंटेलच्या ठराविक चिपसेटमध्ये होतं, एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये ती चालतच नाहीत. जुन्या लॅपटॉपला एम.२ खाच नसते, मिनी पीसीआय एक्सप्रेस असते, अँटेनाच्या वायरींची टोकंही वेगळ्या मापाची. शिवाय काही जुन्या लॅपटॉपांच्या बायोसमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादी असते, त्याबाहेरचं कार्ड बसवलं की मशीन पुढं जातच नाही. मागचं झाकण उघडून आतलं बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

काल संध्याकाळी मी मिंट २२ चा पेनड्राइव्ह घेऊन गेलो. इन्स्टॉल न करता नुसतं लाइव्ह बूट केलं, सिक्युअर बूट चालू ठेवूनच. मिनिटभरात शेजारपाजारच्या वायफायची यादी आली, आतल्याच कार्डावर. मग ते डोंगल लावलं, तेही चाललं. भाची म्हणाली, "मामा, म्हणजे काहीच घ्यायचं नव्हतं की." नव्हतं. तिच्या फायली काढून घेऊन मिंट २२ टाकलं, डोंगल आता वर्कशॉपातल्या जुन्या डेस्कटॉपला लावायचं ठरलंय, आणि तो मेसेज ज्या ग्रुपवरनं आला तिथं हे सगळं दाजी स्वतः टाकणार आहेत.