पृथ्वी फिरते म्हणून दुबई लवकर येत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: "मुंबईहून दुबईला जायला 1 तास 40 मिनिटं, परत यायला 4 तास 20 मिनिटं. कारण पृथ्वी पूर्वेकडे फिरते, जाताना दुबई आपल्याकडे येते! खरं तर 1,930 किमी भागिले 850, म्हणजे सव्वादोन तास पुरेत. आणि नवी मुंबईहून निघालात तर अर्धा तास जास्त."

"जायला 1 तास 40." तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सकाळी 10:00 ला निघून 11:40 ला पोहोचणारं विमान घ्या. त्या वेळी भारतात 1:10 झालेले असतात, म्हणजे प्रवास 3 तास 10 मिनिटांचा. परतीला दुपारी 1:00 ते संध्याकाळी 5:20 दिसतं, त्यातून दीड तास वजा करा: 2 तास 50. म्हणजे येतानाच कमी वेळ लागतो! मजकुरातलं गणित नेमकं उलटं पडलं.

"पृथ्वी फिरते." फिरतेच. मुंबईच्या अक्षांशावर ताशी साधारण 1,580 किमीने. पण हवाही तिच्यासोबत फिरते. ठाणे-वाशी लोकलच्या बंद डब्यात उडणारा डास मागच्या भिंतीवर आपटतो का? फरक पडतो तो जमिनीच्या सापेक्ष वाहणाऱ्या वाऱ्यामुळे. हिवाळ्यात 30-35 हजार फुटांवर पश्चिमेचे वारे जोरात असतात. विमानाचा हवेतला वेग ताशी 830 किमी आणि वारा 70 किमीचा धरा: जाताना जमिनीवरचा वेग 760, येताना 900. उंचीवरच्या 1,600 किमीला जाताना 2 तास 6 मिनिटं, येताना 1 तास 47. पावसाळ्यात वरचे वारे बदलतात, तेव्हा हा फरक आटतो.

"सव्वादोन तास पुरेत." तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पुढच्या गेटवर उभं राहीपर्यंतची. धावपट्टीपर्यंत जाण्यातच 15-20 मिनिटं जाऊ शकतात. साधारणपणे 10 हजार फुटांखाली वेग 250 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 460 किमीपर्यंतच. 35 हजार फुटांवरून उतरायला जवळपास 195 किमी आधी सुरुवात करावी लागते. शिवाय 1,930 हे सरळ रेषेतलं अंतर, विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं. उतरण्यापूर्वी घिरट्या घालायला सांगितलं, तर एका फेरीची 4 मिनिटं वेगळी.

"नवी मुंबईहून अर्धा तास जास्त." दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत साधारण 24 किमी. दुबईचं अंतर त्यामुळे 23-24 किमीने वाढतं, म्हणजे दीड-पावणेदोन मिनिटं. दिल्लीचं अंतर तर दोन्हीकडून जवळजवळ सारखंच, 1,140 किमीच्या आसपास. अर्धा तास जाईल तो घरापासून विमानतळापर्यंतच्या रस्त्यात, आणि वाशी-बेलापूरकरांचा तो उलट वाचेल.

फोनच्या कॅलेंडरमध्ये पोहोचण्याची वेळ टाकताना तिच्यासमोर दुबईचा टाइम झोन निवडा. तो भारतीय राहिला, तर तिथे न्यायला येणाऱ्याला कळवलेली वेळ दीड तासाने चुकते.