सरकारी दवाखान्यात दातांचा डॉक्टर बदलता येतो, तो मेसेज खोटा आहे

मानेवाड्याच्या माझ्या मोठ्या मावशीने खालच्या दाढेचं रूट कॅनॉल अर्ध्यावर सोडलं, त्याला अडीच महिने झाले. कारण फॅमिली ग्रुपवर फिरणारा एक मेसेज. त्यात लिहिलंय की सरकारी दवाखान्यात दातांसाठी जो डॉक्टर मिळाला तोच शेवटपर्यंत, बदलून मागितला तर केसपेपर रद्द. अर्धवट रूट कॅनॉलला दुसरा डॉक्टर हात लावत नाही, पण दुखणं थांबलं असेल तर काळजी नको, आत औषध असतं. तिथे विद्यार्थी तुमच्या दातांवर शिकतात. आणि वरची दाढ काढली की नजर जाते, असंही त्यात आहे.

मावशीच्या अंगावर पहिला डॉक्टर खेकसला होता. तिला दुसरा हवा होता, एवढंच. मेसेज वाचून तिने जाणंच बंद केलं. मी रागावले तर म्हणाली, "दुखूनच नाही राहिलं, तर काहून जाऊ?"

या एका वाक्याने दाढा जातात. रूट कॅनॉलच्या सुरुवातीलाच दाढेतली नस काढतात, म्हणून ठणका थांबतो. काम तेव्हा संपलेलं नसतं. मुळांमधल्या नळ्या साफ करून औषध ठेवतात आणि वरून तात्पुरतं सिमेंट बसवतात. ते थोड्या आठवड्यांपुरतं असतं. चावून झिजतं, कडेने फट पडते, लाळेबरोबर जंतू आत शिरतात. आणि नसच नाही म्हटल्यावर दाढ दुखून सांगणार तरी कशी? मुळाशी पू होऊन सूज आली की मग कळतं. खालच्या दाढेचं इन्फेक्शन जबड्याखाली, गळ्याकडे उतरलं तर श्वास अडकू शकतो, रुग्णाला भरती करावं लागतं. हे झालं नाही तरी पोकळ दाढ एखाद्या दिवशी सुपारीच्या खांडाने उभी चिरते, मग ती काढण्याशिवाय उपाय राहत नाही. मावशी त्यात लवंग धरून बसली आहे. लवंगेने बधिरपणा येतो, फट बुजत नाही.

आता डॉक्टर बदलण्याचं. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा शिकवणाऱ्या रुग्णालयात आधी तपासणी, एक्स-रे, मग ज्या त्या विभागात पाठवतात. रूट कॅनॉल कॉन्झर्व्हेटिव्हमध्ये, म्हणजे दात वाचवणाऱ्या विभागात, दाढ काढणं ओरल सर्जरीत. इंटर्नची, म्हणजे शिकाऊ डॉक्टरांची पोस्टिंग वर्षभरात एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरत असते. म्हणजे मागितलं नाही तरी डॉक्टर बदलतो, आणि अर्धवट केस पुढचा डॉक्टर हातात घेतो. केसपेपर रुग्णाच्या नावाचा असतो.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये ती राज्यांना पाठवली. आपल्या पसंतीच्या डॉक्टरचं दुसरं मत घेण्याचा हक्क त्यात आहे. त्यासाठी लागणारी कागदपत्रं रुग्णालयाने जादा पैसे न घेता, उशीर न लावता द्यायची आहेत. दुसरं मत घेतलं म्हणून रुग्णाला वेगळी वागणूक दिली तर सनद त्याला मानवाधिकाराचं उल्लंघन म्हणते. केसपेपर रद्द करण्याची भाषा करणाऱ्याने हे वाचावं.

विद्यार्थी शिकतात, हे खरं आहे, मान्य. पण वर शिक्षक असतात आणि शिक्षणाच्या नंतरच्या वर्षांतच रुग्ण विद्यार्थ्यांच्या हाती येतो. रांग मोठी असते, खेपा पडतात, हेही खरं. मधेच डॉक्टर बदलला तर नवा डॉक्टर पुन्हा एक्स-रे काढेल, कदाचित नळ्या पुन्हा साफ करेल. एक-दोन सिटिंग वाढतील. दाढ गमावण्यापेक्षा ते परवडलं.

डोळ्यांचं तर सोडूनच द्या. दातांची नस वेगळी, नजरेची वेगळी.

ज्यांना डॉक्टर बदलायचा आहे त्यांनी विभागातल्या शिक्षकांना किंवा विभागप्रमुखांना भेटून सरळ सांगावं. केसपेपर आणि एक्स-रे जवळ ठेवावा, एक्स-रे कॉम्प्युटरवर असेल तर मोबाइलमध्ये फोटो काढून घ्यावा. किती नळ्या सापडल्या, त्यांची लांबी किती भरली, आत कोणतं औषध ठेवलंय, हे कागदावर लिहून घ्या. पुढच्या डॉक्टरचं अर्धं काम तिथेच होतं.

मावशीचा केसपेपर देवघरात पोथीखाली सापडला. सोमवारी सकाळी ओपीडी उघडायच्या आत मी तिला घेऊन जाते आहे.