साय काढायची, काका!

कॉलेजात मी टेबल टेनिस खेळायचो. म्हणजे कॉमन रूममध्ये नंबर लावून बसायचो. एवढ्या भांडवलावर, पंचवीस-तीस वर्षांनी इंदुरातल्या आमच्या सुदामानगरच्या हॉलमध्ये टेबल आलं तेव्हा मी ऐटीत बॅट उचलली. बँकेतून निवृत्त झालेल्या अण्णांनी मला ११-२ नं हरवलं. त्यातले दोन पॉइंट त्यांच्या शिंकेमुळे मिळाले.

"तुमच्या सर्व्हिसला कटच नाही, फिरकीच नाही हो. अगदी सरळ माणूस तुम्ही," अण्णा म्हणाले. हे कौतुक नव्हतं, ते मला घरी पोचल्यावर कळलं.

गुरू वरच्या मजल्यावरच मिळाला. मुलगी, वय वर्षं बारा, अभय प्रशालला टेबल टेनिस शिकायला जाते. फी ठरली दर शनिवारी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत एक खोपरा पॅटीस.

"काका, सर्व्हिस करून दाखवा."

मी मुठीतून चेंडू सोडला आणि सुटता सुटताच हाणला.

"फाउल!"

तळवा उघडा, सपाट हवा. चेंडू निदान १६ सेंटीमीटर सरळ वर उडवायचा आणि खाली येताना मारायचा. मोजायला तिनं कंपासमधली पट्टी काढली, तर ती पंधराचीच. मग तिनं नेटकडे बोट दाखवलं. ते १५.२५. "त्याच्यापेक्षा थोडा वर, काका." माझा चेंडू आधी हनुवटीपर्यंत गेला, मग पंख्याला लागला.

आमच्या वेळी गेम २१ चा असायचा आणि एकेकाला सलग पाच सर्व्हिस मिळायच्या. पहिल्या तीन वाया गेल्या तरी इभ्रत सावरायला दोन उरायच्या. २००१ पासून गेम ११ चा आणि सर्व्हिस दोनच. म्हणजे फजितीसुद्धा आटोपशीर झाली.

बॅकस्पिनचं, म्हणजे उलट्या फिरकीच्या कटाचं, मर्म तिनं एका वाक्यात सांगितलं. "चेंडूला मारायचं नाही. दुधावरची साय काढतो ना, तशी त्याच्या बुडाखालून बॅट काढायची."

घरी जेवणाच्या टेबलावर सराव सुरू झाला. बोटं सैल सोडून, बॅट नुसती अंगठा आणि तर्जनीत धरली की मनगट मोकळं फिरतं, असं गुरूचं म्हणणं. मनगट फिरलं, पण बॅट हातातून निसटून शेवेच्या बरणीवर गेली. इंदुरात बरणीतली शेव सांडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. त्या दिवशी मला पोहे कोरडेच मिळाले.

आई मटार सोलत हे सगळं बघत होती. "साय काढतोयस की खरवड?" तिनं विचारलं. "चमचा उभा खुपसलास तर दूधच येणार. आडवा धर."

मी बॅट आडवी धरली, जवळजवळ टेबलाला समांतर. रबराचा चेंडूला जेमतेम स्पर्श झाला, टक्क असा नेहमीचा आवाजसुद्धा आला नाही. चेंडू टेबलावरून उतरून फरशीवर पडला, दोन हात पुढे गेला, घुटमळला आणि नवी नवरी माहेरी वळावी तसा माझ्याकडे परत आला. २.७ ग्रॅमचा ऐवज! सराफ्यात एवढ्या वजनाची अंगठी मिळते, पण ती बोलावल्यावर येत नाही.

रविवारी अण्णांना गाठलं. त्यांनी नियमाप्रमाणे बॅट दाखवली, मी नियमाप्रमाणे मान डोलावली. एक बाजू लाल, एक काळी. काळ्या बाजूला लांब लांब काटे होते, तर मला वाटलं रबर जुनं झालंय.

पहिली सर्व्हिस. अशी साय मी जन्मात काढली नव्हती. अण्णांनी काळी बाजू नुसती पुढे धरली. येणारा चेंडू कटाचाच असणार म्हणून मी परत बुडाखालून बॅट काढली, तर तो फुग्यासारखा वर चढला. अण्णांनी चष्मा सारखा केला, बॅट हातात फिरवून लाल बाजू पुढे आणली आणि चेंडू माझ्या कानाजवळून गेला. दुसऱ्या सर्व्हिसला तेच. त्या काट्यांवरून माझीच फिरकी उलटून येत होती, म्हणजे माझा कट माझ्याकडे येताना टॉपस्पिन, पुढच्या दिशेची फिरकी, व्हायचा. जितका जास्त कट मी देई, तितका टॉपस्पिन परत येई.

"मुद्दल तुमचंच हो," अण्णा म्हणाले. "मी नुसतं फिरवून देतो."

११-१. या खेपेस त्यांना शिंकही एकदाच आली.

संध्याकाळी गुरूला सगळं सांगितलं. ती खूप हसली, मग गंभीर होऊन म्हणाली, "लाँग पिंपल्स ना? त्याच्यावर कट द्यायचाच नसतो, काका. साधी सरळ सर्व्हिस करायची. कुठला कट नाही, काही नाही."

"ती तर मला आधीपासून येत होती!"

"हो, पण आता फाउल होणार नाही ना," ती म्हणाली, आणि पुढच्या शनिवारपासून पॅटीस दोन लागतील, हेही सांगून टाकलं.