सेंट लुईच्या जुन्या कोर्टाबद्दलच्या आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या अमेरिका टूरला आपण दोन स्टार दिलेत. सेंट लुईत आर्च, म्हणजे शहराची ती प्रसिद्ध उंच कमान, समोर असताना एका जुन्या कोर्टात वेळ वाया घालवला, ड्रेड स्कॉटचा खटला चालला ती खोलीही आता तिथे नाही, आणि तिकीट नाही म्हणूनच कंपनीने तिथे नेलं, असं आपलं म्हणणं आहे.

तिकीट नाही हे खरं. पण आर्चवर जाणाऱ्या ट्रामचं तिकीट टूरच्या पैशांत होतंच आणि आपण वर जाऊनही आलात. कोर्ट कार्यक्रमात मी मुद्दाम ठेवलंय.

हे पूर्वीचं सेंट लुई काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं कोर्ट. बांधकाम सुरू झालं 1839 मध्ये. ड्रेड स्कॉट आणि त्याची बायको हॅरिएट, दोघंही गुलाम. गुलामगिरीला बंदी असलेल्या प्रदेशात मालकाने आम्हाला ठेवलं होतं, तेव्हा आम्ही स्वतंत्र, असा दावा त्यांनी 1846 मध्ये लावला. पुढच्या वर्षी ते इथे हरले. का, तर त्यांना मालकिणीकडून कामाला घेतल्याचं सांगणाऱ्या साक्षीदाराने ते फक्त आपल्या बायकोकडून ऐकलं होतं! गुलाम नेमके कुणाचे हे शाबीत झालं नाही, म्हणून सुटका नाही. 1850 मध्ये इथल्याच ज्यूरीने त्यांना स्वतंत्र ठरवलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि 1857 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर काळा माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही, असं सांगितलं. त्याच वर्षी मे महिन्यात नव्या मालकाने त्या दोघांना मुक्त केलं, तेही याच इमारतीत. पुढच्याच वर्षी, 1858 मध्ये, स्कॉट वारला.

ती खोली पुढच्या फेरबदलांत गेली, हे आपलं बरोबर आहे. पण बाहेरच्या पायऱ्या आहेत ना! मालक वारला किंवा बुडाला की कोर्टाच्या हुकमाने त्याच्या गुलामांचा लिलाव कोर्टाच्या पायऱ्यांवर व्हायचा. आत स्वातंत्र्याचा दावा आणि दाराशी माणसांची बोली. एवढ्यासाठी मी लांबूनही माणसं आणीन.

घुमटाखाली आपण फोटो काढलात, तो लोखंडी घुमट 1862 मध्ये पूर्ण झाला. बायकांना मत हवं म्हणून व्हर्जिनिया मायनर यांनी लढलेला दावाही इथलाच, 1870 च्या दशकातला.

कोर्ट पुढच्या टूरलाही असणार. ज्यांना आत यायचं नसेल त्यांनी टूर लीडरला आदल्या दिवशी सांगावं, आर्चखालच्या म्युझियममध्ये थांबायची सोय करून देऊ.