गुन्ह्याचं नाव फोनला विचारू नका

गोव्यात सध्या मोबाईलवर एक मेसेज फिरतोय: ‘एफआयआर इंग्रजीत असला तर वकिलाकडे पळू नका. फोनवरच मराठी करून घ्या, गुन्ह्याचं नाव कळलं की झालं. चार्जशीट गेली म्हणजे गुन्हा शाबीत. आणि गोव्यात मराठीला विचारतो कोण?’ तिन्ही गोष्टी चूक आहेत, पहिली तर घातक.

म्हापशात कोर्टाजवळ मी अर्ज टाइप करून देतो. गेल्या पावसात एक मावशी आल्या. मुलावरच्या एफआयआरचं फोनने मराठी केलं होतं: ‘दरोडा’. हातातला कागद थरथरत होता. मुळात शब्द होता ‘रॉबरी’, म्हणजे जबरी चोरी. कायद्यात दरोडा म्हटला की 5 किंवा जास्त माणसं लागतात आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. जबरी चोरीला साधारणपणे 10 वर्षांपर्यंत. त्या कागदावर आरोपी होते दोनच.

‘असॉल्ट’चं तेच. फोन मारहाण म्हणतो. कायद्यात मात्र समोरच्याला ‘आता हा मारणार’ असं वाटावं म्हणून नुसता हात उगारला तरी पुरतं.

अपघातात माणूस गेला की ‘मनुष्यवधाचा गुन्हा’ असं सरसकट बोललं जातं. भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचं कलम 106 आहे, शिक्षा सहसा 5 वर्षांपर्यंत. सदोष मनुष्यवधाचं 105 वेगळं. तिथे जीव घेण्याचा इरादा किंवा जीव जाईल याची जाणीव दाखवावी लागते, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शब्दांची गल्लत झाली की मयताच्या घरचेही भलत्याच आशेवर बसतात, हे मला फार लागतं.

चार्जशीट म्हणजे पोलिसांनी कोर्टात दिलेलं दोषारोपपत्र. लोक त्यातला ‘दोष’ वाचतात आणि ‘आरोप’ सोडून देतात. पुढे कोर्ट आरोप निश्चित करतं, साक्षी होतात, मग निकाल. तोवर तो आरोपी, गुन्हेगार नव्हे.

राहिली मराठी. 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे, पण सरकारी कामात मराठी वापरायलाही मुभा आहे. खटल्यात तर आरोप वाचून आरोपीला समजावून सांगणं बंधनकारक आहे. समजलं नाही तर तिथेच सांगा.

मावशींच्या कागदावर मी पेन्सिलीने ‘जबरी चोरी, कलम 309’ लिहिलं आणि त्यांना सरळ वकिलाकडे घेऊन गेलो.