‘ल’ का बदलला? देवगडच्या ग्राहकाच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार काका,

दोन तारे आणि तीन तक्रारी वाचल्या: पैसे देऊन लिबरऑफिस हे पत्रं नि हिशेब लिहायचं सॉफ्टवेअर मराठी करून घेतलं तरी मेनू इंग्रजीतच, जुन्या पत्रांखाली लाल रेघा तशाच, आणि ‘ल’ नि ‘श’ न विचारता बदलले.

आधी ‘ल’चं सांगतो. फॉन्टला आम्ही हात लावलेला नाही. तुमच्या मजकुराची भाषा हिंदी होती, ती मराठी केली. काही फॉन्टमध्ये या अक्षरांची दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा बघून त्यातलं एक उमटतं. आता दिसतो तो पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला ठरवून दिली, तिच्यातही हेच वळण आहे. देवगडातून निघालेलं मराठी पत्र मराठी वळणातच जावं, असं मला मनापासून वाटतं. तरी जुनंच हवं असेल तर करून देईन. पण एकदा छापून बघा.

लाल रेघांचं कारणही तेच. भाषा मजकुरासोबत फाइलमध्येच साठते, त्यामुळे नवं सेटिंग नव्या फाइलला लागतं, जुनीला नाही. जुनं पत्र उघडून टूल्स, लँग्वेज, फॉर ऑल टेक्स्ट इथे मराठी निवडा आणि सेव्ह करा. मराठी शब्दकोश बसवलेला आहे. वाड्यांची नावं तरीही लाल होतील, ती राइट क्लिक करून शब्दकोशात घाला.

मेनू इंग्रजीत ठेवला तो सूनबाई त्याच संगणकावर काम करतात असं तुम्ही सांगितलंत म्हणून. मराठी मेनू वेगळा बसवता येतो.

अभिप्रायात नसलेली एक गोष्ट मात्र जास्त महत्त्वाची आहे. तुमच्या हिशेबाच्या शीटमध्ये लोकेल, म्हणजे तारखा कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायच्या ते सेटिंग, अमेरिकेचं होतं. तिथे महिना आधी, म्हणून ५/४ लिहिलं की ५ एप्रिलऐवजी ४ मे धरला जायचा. १३/४ तर तारीख म्हणून घेतलीच जात नाही, नुसता मजकूर म्हणून डावीकडे बसते. आम्ही लोकेल भारताचं केलं, पण आधी भरलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत. वाशीला पाठवलेल्या पेट्यांचा हिशेब त्याच शीटमध्ये आहे. दलालाची पट्टी, म्हणजे त्याने दिलेला विक्रीचा हिशेब, समोर ठेवून तो ताळून बघा, नाहीतर फाइल घेऊन दुकानात या, मी सोबत बसतो. त्याचे पैसे घेणार नाही.