मृणालताई नुसत्या मोर्चेवाल्या होत्या का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. समाजवादी नेत्या मृणाल गोरेंवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंय ते नीट वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की हंडा मोर्चा, लाटणं मोर्चा हे सगळं ठीक, पण आमदार म्हणून बाईंनी केलं काय? मंत्री कधी होता आलं नाही, नळ आणणं हे नगरसेवकाचं काम, आता त्यांच्या नावाचा एक फ्लायओव्हर तेवढा उरलाय, त्यापेक्षा फंड खेचून आणणारा आमदार परवडला. उत्तर जरा लांबणार आहे, कारण हे मत मी आमच्या गोरेगावातच बऱ्याच जणांकडून ऐकते आणि दरवेळी ते मनाला लागतं.

आधी नळाचं बोलू. गोरेगाव 1957 पर्यंत मुंबई महापालिकेत नव्हतंच, इथे ग्रामपंचायत होती आणि ताईंची सुरुवात त्या पंचायतीतूनच झाली. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलात आलेली बाई, 1958 ला नवरा गेला, पदरात लहान मुलगी, आणि 1961 ला ती महापालिकेत निवडून येते. उपनगर पालिकेत आलं म्हणून पाणी काही लगेच आलं नाही. झोपडपट्टीत नळ मागायला गेलं की उत्तर ठरलेलं, जागा अधिकृत नाही, अर्ज घेता येणार नाही. मग बायका रिकामे हंडे घेऊन ऑफिसच्या दारात जाऊन बसायच्या, हंडे बडवायच्या, साहेब बाहेर येईपर्यंत हलायच्या नाहीत. ह्यातला प्रश्न एका वॉर्डातल्या पाइपचा नव्हता हो, घराचा कागद नसेल तर माणसाला पाणी द्यायचं की नाही हा होता. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई हायकोर्टाने पाणी हक्क समितीच्या केसमध्ये सांगितलं की झोपडी बेकायदेशीर असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. तेव्हा ताईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. ज्याला तुम्ही नगरसेवकाचं काम म्हणता ते हायकोर्टाच्या तोंडून यायला पन्नासेक वर्षं लागली.

1972 ला त्या गोरेगावातून आमदार झाल्या. ते साल आठवा, काँग्रेसला 270 पैकी 222 जागा, आणि त्या लाटेत समाजवादी पक्षाची बाई निवडून आली. त्याच वर्षी दुष्काळ, तेल-साखर-रॉकेलची मारामार, आणि ताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते ह्यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. कम्युनिस्ट आणि समाजवादी एका व्यासपीठावर येणं म्हणजे काय ते जुन्या लोकांना विचारा. कधी घराबाहेर न पडलेल्या बायका लाटणी-थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. पुढे आणीबाणी, भूमिगत राहणं, तुरुंग, आणि 1977 ला उत्तर मुंबईतून थेट लोकसभा. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा तेव्हाचीच, पाणीवाली म्हणजे ताई आणि दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी. मंत्रिपदाचं म्हणाल तर पंतप्रधान मोरारजी देसाईंनी आरोग्य खातं देऊ केलं होतं, ताईंनीच नाही म्हटलं. तेव्हा 'मंत्री होता आलं नाही' हे तेवढं मागे घ्या.

आता आमदारकी, जो तुमचा खरा मुद्दा आहे. 1985 ला त्या परत विधानसभेत आल्या, मधे काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या. त्या काळात गर्भजल परीक्षेचा, म्हणजे पोटात मुलगा की मुलगी ते तपासून सांगायचा धंदा मुंबईत उघड उघड चालायचा, लोकलच्या डब्यात जाहिराती असायच्या, आत्ता पाचशे खर्च करा आणि पुढचे पाच लाख वाचवा अशा अर्थाच्या, म्हणजे पोटातली मुलगी काढून टाका आणि हुंडा वाचवा. आई मला तिच्या अशाच प्रवासाबद्दल सांगायची, डबा बायकांनी भरलेला आणि डोक्यावर ती जाहिरात, कुणी काही बोलायचं नाही. स्त्री संघटना, काही डॉक्टर ह्यांनी ह्याविरुद्ध रान उठवलं आणि विधानसभेत ताईंनी अशासकीय विधेयक आणलं. विरोधी बाकावरच्या आमदाराचं असं विधेयक जवळजवळ कधीच पास होत नाही, पण त्याने सरकारला बोलावं लागतं, उत्तर द्यावं लागतं, आणि इथे तर सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. ह्या तपासण्यांना आळा घालणारा 1988 चा महाराष्ट्राचा तो कायदा देशातला पहिला. केंद्राचा आला 1994 ला. त्यात पळवाटा होत्या, अंमलबजावणी ढिली होती, हे सगळं खरंय. पण फंडातून बांधलेल्या गटाराचं उद्घाटन आणि हे, दोन्ही आमदाराची कामं म्हणून एका तागडीत कशी टाकता?

घरांचंही तसंच. शहरात एकाकडे किती जमीन असावी ह्याला मर्यादा घालणारा 1976 चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा गरिबांना घरं मिळावीत म्हणून आला आणि मोठ्या जमीनदारांनी सवलतीच्या कलमांतून जमिनी सोडवून घेतल्या. ताई आणि त्यांचे समाजवादी सहकारी बाबूराव सामंत ह्यांनी नागरी निवारा परिषद काढली, सरकारशी आणि कोर्टात वर्षानुवर्षं भांडले, आणि दिंडोशीला अतिरिक्त जमिनीवर सहा हजारांच्या वर कुटुंबांची घरं झाली. बिल्डर नाही, नफा नाही, क्लार्क, शिक्षक, कामगार असे लोक. फ्लायओव्हरच तेवढा उरलाय म्हणता तर एकदा गोरेगाव ईस्टहून नागरी निवाऱ्याला जाऊन या, बिल्डिंगामागून बिल्डिंगा लागतील. (तो कायदा 2007 ला महाराष्ट्राने रद्दच केला, आता असं काही उभं करायचं म्हटलं तरी जमीन कुठून आणणार.)

तुमच्या एका वाक्याला मात्र मी हो म्हणेन, समाजवाद्यांना संघटना टिकवता आली नाही. सारखे फुटले, विलीन झाले, परत फुटले. 1990 ला गोरेगाव शिवसेनेकडे गेलं कारण रेशनकार्डापासून दवाखान्यापर्यंतची रोजची कामं करायला गल्लीगल्लीत शाखा होती आणि समाजवाद्यांकडे ताई होत्या, सामंत होते, पण त्यांच्या मागे दुसरी फळी नव्हती. ह्याचा दोष पक्षाला द्या, आमदार म्हणून त्यांनी जे केलं ते त्याने कमी होत नाही.

एन्रॉनविरोधी (दाभोळच्या वीज प्रकल्पाविरुद्धच्या) आंदोलनातल्या त्यांच्या भूमिकेवर तुम्ही जे विचारलंय ते इथे मावणार नाही, त्याच्यावर वेगळं लिहिते. तोवर 1988 च्या कायद्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे ते जरूर कळवा.